शहर उजव्या हाताला

साताऱ्याहून आलेली आत्या चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या नकाशासमोर उभी होती. नकाशा लंडनचा, आणि त्यावर शहराला वळसा घालणारी हिरव्या स्केचपेनची रेघ: लंडन लूप नावाची पायवाट. आत्याने इरिथवर बोट टेकवलं. तिथून खाली दक्षिणेला, मग पश्चिमेला किंग्स्टन, वर अक्सब्रिज, डोक्यावरून कॉकफॉस्टर्स, चिंगफर्ड असं करत ती पूर्वेला पर्फ्लीटपर्यंत आली आणि बोट थांबलं. पुढे थेम्सची निळी पट्टी. पट्टीच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, परत इरिथ. ‘अरे, हे जुळलंच नाही की,’ ती म्हणाली. ‘इथे नदी कशी ओलांडतात?’ ओलांडत नाहीत, पायी जायला पूल नाही, होडीही नाही, असं सांगितल्यावर ‘मग ही प्रदक्षिणा कसली?’ एवढं म्हणून तिने कप विसळून पालथा घातला.

तिच्यापुरता विषय संपला. प्रश्न मात्र नकाशापाशीच राहिला.

कारण नावातच लूप आहे. लंडन आउटर ऑर्बिटल पाथ, त्याच्या आद्याक्षरांचा लूप. २४२ किलोमीटर, २४ टप्पे. कल्पना १९९० सालची, पहिला टप्पा डाउन गावाशी १९९६ मध्ये खुला झाला, आणि २००१ मध्ये सगळी वाट पुरी झाली. पुरी म्हणजे इरिथ ते पर्फ्लीट. गाड्यांना लंडनभोवतीचा एम-२५ मोटरवे तशी चालणाऱ्यांना ही वाट, असं तिचं वर्णन नेहमी करतात, आणि ते वाटतं त्याहून जास्त खरं आहे. एम-२५ देखील नकाशात गोल दिसतो, पण डार्टफर्डला नदी ओलांडणारा तुकडा मोटरवे नाहीच, त्याचा नंबर वेगळा, ए-२८२, आणि पायी माणसाला तिथे मज्जाव. आतल्या बाजूची धाकटी वाट, कॅपिटल रिंग, १२६ किलोमीटरची. ती जुळते. वुलिचला नदीखालून १९१२ सालचं ५०४ मीटरचं पायी जायचं भुयार आहे, त्यातून माणूस पांढऱ्या फरशा बघत निवांत पलीकडे निघतो. धाकटीला जमलं ते थोरलीला जमलं नाही.

दिशा मात्र अगदी आपल्या पद्धतीची. टप्प्यांचे आकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणजे शहर सतत उजव्या हाताला. हे चालताना पहिल्यांदा जाणवतं ते दक्षिणेकडच्या उतारांवर. फार्दिंग डाउन्स नावाची खडूची टेकडी आहे, पाचव्या टप्प्यात. माती इतकी पातळ की बुटाच्या टाचेने खरवडलं तर खाली पांढरं लागतं. जूनमध्ये गुडघाभर गवत, वर चंडोल, आणि उत्तरेकडे धुरकट क्षितिजावर काचेच्या इमारतींचे सुळके. शहर तिथे आहे, पण आवाज नाही. ही टेकडी १८८३ पासून सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या मालकीची आहे. शहराच्या मध्यातल्या संस्थेने शहराबाहेरचं माळरान विकत घेऊन ठेवलं, ते कुणी बांधू नये म्हणून. खडूच्या जमिनीचा एक गुण असा की पाऊस थांबला की तासाभरात वाट चालण्याजोगी होते. अवगुण असा की ओली असेपर्यंत ती साबणासारखी असते, आणि उतारावर आडवा पाय टाकणाऱ्याला हमखास बसवते. काठी असली तर उतरताना, चढताना नव्हे.

उत्तरेला सगळं उलटं. तिथे चिकणमाती, लंडन क्ले. विदर्भातल्या किंवा सोलापूरकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात चाललेल्या माणसाला ती वेगळी शिकवायला नको. पहिल्या दहा पावलांत बुटाच्या तळाची नक्षी भरते, पुढच्या दहात बूट दुप्पट रुंद होतो, आणि मग पाय उचलायचा म्हणजे जमिनीचा तुकडा उचलायचा. नोव्हेंबर ते मार्च तेराव्या टप्प्यापासून विसाव्यापर्यंत ताशी तीन किलोमीटरच्या वर हिशेब धरू नये. सगळ्यात वाईट चिखल वाटेच्या मध्यावर नसतो, फाटकांपाशी असतो. घोडे आणि गुरं तिथे थांबतात, खुरांनी जमीन कालवतात, आणि माणसालाही नेमकं तिथूनच जावं लागतं. नवखा माणूस कडेच्या कोरड्या गवतावरून जायला बघतो, तिथे काटेरी ब्रॅम्बल असतं, आणि तो एका हाताने कुंपणाची तार धरतो. तारेत वीज असू शकते. मरत नाही माणूस, पण पुढचा तासभर सगळ्या कुंपणांकडे आदराने बघतो. उन्हाळ्यात हीच माती तडकते, खुरांचे खड्डे भाजलेल्या विटेसारखे कडक होतात आणि घोटा मुरगळतो. म्हणजे बूट घोट्याच्या वर येणारे हवेत ते चिखलासाठी नव्हे, चिखल वाळल्यानंतरसाठी. दुकानात हे उलटं सांगतात.

फाटकांचे प्रकार दोन. एक स्टाइल, म्हणजे कुंपणावरून जाण्यासाठी आडव्या ठोकलेल्या दोन फळ्या. दुसरं किसिंग गेट. नाव ऐकून हसू येतं, पण रचना हुशार आहे: अर्धगोल कठडा आणि त्याच्या आत दोन खांबांमध्ये हलणारं झडप. झडप आपल्याकडे ओढायचं, कठड्याच्या पोटात शिरायचं, झडप पलीकडे लोटायचं, बाहेर पडायचं. एका वेळी एक माणूस. कडी नाही, कुलूप नाही, आणि गाय काही केल्या जात नाही, कारण तिला स्वतःभोवती फिरता येत नाही. पाठीवर चाळीस लिटरची सॅक असेल तर माणसाचीही गाय होते. सॅक काढायची, डोक्यावर धरायची, मग शिरायचं. लहान मूल गाडीत असेल तर गाडी वरून देणारा दुसरा कुणी लागतो. म्हणून मुलाच्या गाडीसकट जायचं असेल तर कालव्याकाठचा टप्पा, बारावा, बघावा. ग्रँड युनियन कालव्याची वाट सपाट आहे. बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली.

खुणा लाकडी खांबांवर असतात, गोल चकतीवर उडत्या केस्ट्रेलची. केस्ट्रेल म्हणजे हवेत एका जागी पंख मारत थांबणारा छोटा शिकारी पक्षी, आणि वाटेवर तो खरोखर दिसतोही. खुणांची देखभाल ज्या त्या बरोकडे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे. त्यामुळे एका बरोत प्रत्येक वळणावर खांब, आणि हद्द ओलांडली की अर्धा तास काहीच नाही. हद्दीची पाटी नसते, खुणांच्या विरळपणावरूनच कळतं. चुका ठरलेल्या आहेत. खांब ट्रॅक्टरच्या धक्क्याने फिरलेला असतो आणि बाण बिनदिक्कत भलतीकडे दाखवतो. जूनमध्ये वाढलेल्या झुडपाने चकती झाकली जाते. आणि सगळ्यांत जास्त माणसं चुकतात ती पिवळ्या बाणाने. पिवळा बाण म्हणजे फक्त सार्वजनिक पायवाट, कुठलीही. निळा म्हणजे तिथून घोडाही जाऊ शकतो. त्यावर केस्ट्रेल नसेल तर ती वाट आपली नाही. दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही तर पुढे रेटू नये, शेवटच्या खुणेपर्यंत परत यावं. रॅम्बलर्स या पायी भटकणाऱ्यांच्या संघटनेच्या इनर लंडन शाखेने सगळ्या टप्प्यांचे मोफत नकाशे आणि फोनच्या नकाशावर वाट दाखवणाऱ्या जीपीएक्स फाइली केल्या आहेत, त्या घरूनच उतरवून घ्याव्यात. शहराच्या इतक्या जवळ असून झाडीत रेंज जाते.

चिखल, खुणा, फाटकं हे सगळं कुठल्याही खेड्यात मिळेल. या वाटेचं वेगळेपण असं की ती शहराच्या मागच्या दाराने फिरते. घराच्या पुढच्या बाजूला तुळस आणि रांगोळी, आणि मागे मोरी, बंब, मोडका पाळणा, तसं. विमानतळ मागे, गोल्फची मैदानं मागे, विजेचे मनोरे, दफनभूमी, मैलापाणी शुद्ध करणारे प्रकल्प, घोड्यांचे तबेले, सगळं कडेला. स्टॉकली पार्क म्हणून झकपक ऑफिसांची वसाहत आहे, हेज आणि अक्सब्रिजच्या मध्ये. ती जुन्या कचरा डेपोवर उभी आहे आणि हिरवीगार टेकडी म्हणून जी चढायची ती कचऱ्यावरच रचलेली. नवव्या टप्प्याच्या शेवटी हॅटन क्रॉसला हीथ्रोची धावपट्टी इतकी जवळ येते की पश्चिमेचा वारा असला तर उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता येतात. मुंबईहून येणाऱ्या आत्या-मामांच्या विमानांची चाकंही त्यातच असतात. तिथे बोलणं दर दीड-दोन मिनिटांनी अर्धवट तुटतं आणि सवयीची माणसं वाक्य न सोडता नुसती थांबतात, मग पुढचा शब्द घेतात.

आणि तरीही ही कड आहे, हेच आश्चर्य. १९३८ चा ग्रीन बेल्टचा, म्हणजे शहराभोवतीच्या मोकळ्या हिरव्या पट्ट्याचा, कायदा, मग १९४७ चा नगररचनेचा कायदा, यांनी शहराला कमरपट्टा बांधला. त्यामुळे शेवटच्या घराच्या परसाचं कुंपण संपतं तिथे खरोखर शेत सुरू होतं. एका बाजूला वाळत घातलेले कपडे आणि ट्रॅम्पोलिन, दुसऱ्या बाजूला गहू. हा कायदा सगळ्यांना आवडतो असं नाही. घरांच्या किमती त्यानेच चढवल्या, कष्टकऱ्यांना पट्ट्याच्याही पलीकडे ढकललं, आणि पट्ट्यातली पुष्कळ जमीन गोल्फ खेळणाऱ्यांच्या कामी आली, ही तक्रार खोटी नाही. पण पुण्याभोवती अशी वाट आखायची म्हटलं तर आखणार कुठून? २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३. खांब रोवून होईपर्यंत कड पुढे गेलेली असेल. पुण्याची कड म्हणून जे उरलंय ते डोंगरांमुळे, कात्रज ते सिंहगडाची धार आहे म्हणून. तिथे कायद्याचं काम बेसाल्टने केलं.

एक जागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेट्स वूडच्या रानात, वाटेपासून जरा बाजूला, एक दगडी सूर्यघड्याळ आहे. विल्यम विलेट नावाचा घरं बांधणारा माणूस या रानात पहाटे घोड्यावरून फिरायचा. उन्हं वर आलेली आणि घरांचे पडदे अजून ओढलेलेच, हे बघून १९०७ मध्ये त्याने पत्रक काढलं की उन्हाळ्यात घड्याळं पुढे करा. तो १९१५ मध्ये गेला, कायदा १९१६ मध्ये झाला. सूर्यघड्याळावर आकडे असे कोरलेत की ते कायम उन्हाळ्याचीच वेळ दाखवतं. भारतात आईला फोन करताना साडेचार तास धरायचे की साडेपाच, हा जो दर मार्च-ऑक्टोबरात घराघरात घोळ होतो, त्याचं मूळ या झाडांमध्ये आहे.

घोळ असो, पण चालणाऱ्याला विलेटचा हिशेब पाठ असावा लागतो. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य बुडतो. एल्स्ट्री ते कॉकफॉस्टर्स हा सतराएक किलोमीटरचा टप्पा चिखलात सहा तास घेतो, म्हणजे सकाळी नऊला निघालं तरी हातात फार वेळ उरत नाही. त्यात स्क्रॅचवूडचं रान संपतं तिथे ए-१ महामार्ग आडवा येतो. वाटेचं पुढचं तोंड समोर दिसत असतं, रस्त्याच्या पलीकडे, हाक मारावी इतकं जवळ. पण मध्ये धडाधड जाणाऱ्या गाड्या आणि दुभाजकाचा अखंड कठडा. मग वाट रस्त्याच्या कडेने खाली जाते, ट्रकच्या वाऱ्याने टोपी उडते, भुयारी मार्ग येतो, त्यातून पलीकडे, आणि पलीकडच्या कडेने तेवढंच परत वर. इतका वेळ चालून माणूस होता त्याच्या समोर येऊन उभा राहतो. पाय दुखत असतात त्याहून मन दुखतं. काहीजण कठड्यावरून उडी मारतात. मारू नये. तिथे गाड्या थांबायच्या वेगात नसतात.

बाकीचं थोडक्यात. टप्प्यांची टोकं स्टेशनाशी किंवा बसथांब्याशी जुळवलेली आहेत, पण हॅम्सी ग्रीन, हेअरफील्ड आणि हॅवरिंग-अट-बोवर इथे फक्त बस, आणि हॅवरिंगची बस चुकली तर झाडाखाली दीड तास. रविवारी ती आहे की नाही हे आधी बघावं. बुशी पार्कात सप्टेंबर-ऑक्टोबरात काळवीटाएवढे नव्हे, घोड्याएवढे वाटणारे हरणांचे नर माजावर असतात, पन्नास मीटर लांबून जायचं, फोटो तेवढ्याच अंतरावरून. पँट मोज्यात खोचावी, गोचीड चढते. नेटल आपल्याकडच्या आग्यासारखं झोंबतं, अर्धी चड्डी जूनमध्ये नको. ऑगस्ट संपता संपता ब्लॅकबेऱ्या फुकट, फक्त कुत्र्याच्या उंचीच्या वरच्या तोडाव्यात.

आता शेवटचा टप्पा, रेनहॅम ते पर्फ्लीट. आठेक किलोमीटर, सपाट, झाड म्हणावं असं जवळपास नाही. रेनहॅम स्टेशनाबाहेर पडलं की रूळ, मोठा रस्ता, दलदल, आणि नदीकडे जाणारी फेरी लेन. नाव आहे, फेरी नाही. काठावर टिल्डाच्या तांदळाची गिरणी. बासमतीची पोती ज्या घरांत येतात त्यांनी हा पत्ता पाकिटाच्या मागे वाचलेला असतो, तो इथला. पुढे चिखलात रुतलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या काँक्रीटच्या बार्ज. त्यांच्यापाशी पाण्यात लोखंडी पट्ट्यांचा पाणबुड्या उभा केलाय, ओहोटीला कमरेपर्यंत दिसतो, भरतीला जातो. मग कचऱ्याचा प्रचंड डोंगर आणि त्यावर सीगल. पलीकडच्या काठावर कचरा जाळून वीज करणारा कारखाना, आणि त्याच्याकडे टगच्या मागे डब्यांच्या बार्ज ओढल्या जातायत. शहरातला कचरा, नदीने. जरा वर बेक्टन आणि क्रॉसनेस, उत्तर-दक्षिण काठांवरचे मैलापाण्याचे दोन मोठे प्रकल्प. १८६० च्या दशकात सगळ्या लंडनची गटारं इथवर आणली, शहराच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला.

आणि कोल्डहार्बर पॉइंटला नदी वळते. समोर इरिथ.

दिसतंय सगळं. घरं, गाड्या, चिखलाचा काठ. एक किलोमीटरही नाही. तिथून निघालेल्या माणसाने २४२ किलोमीटरपैकी जवळजवळ सगळे चालून काढलेत आणि तो निघाल्या जागेकडे बघत उभा आहे. मध्ये वाहतं पाणी, भरती-ओहोटीत सहा मीटरच्या आसपास वरखाली होणारं, तपकिरी.

आत्याचा प्रश्न इथे परत येतो, आणि उत्तर तिच्याच देवळातलं आहे. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. शाळुंकेवरचं पाणी पन्हळीतून गाभाऱ्याबाहेर पडतं, ते सोमसूत्र, आणि ते ओलांडायचं नसतं. तिथपर्यंत जायचं, आणि मागे फिरायचं. कारणं गुरव एक सांगतो, आजी दुसरं. पण बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या पाण्यासारखं नसतं, एवढं लहानपणीच कळतं. लूपही थेम्स एकदाच ओलांडते, किंग्स्टनच्या पुलावर, जिथे नदी शहरात शिरायची असते. तिथे हंस असतात, कॉफी मिळते. बाहेर पडणाऱ्या टोकाला, कचरा आणि मैलापाणी आणि तांदळाच्या बोटी घेऊन ती समुद्राकडे निघते तिथे, वाट थांबते. वाट आखणाऱ्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं. त्यांना पुलाचे पैसे मिळाले नसते, इतकंच. तरी जुळलं ते जुळलं.

ज्यांना गोल पुरा करायचाच असतो ते पर्फ्लीटहून लोकलने वेस्ट हॅमला जातात, तिथून डीएलआर नावाच्या छोट्या शहरी रेल्वेने वुलिच आर्सेनल, तिथून इरिथची गाडी. दोनदा गाडी बदलून नुसतं नदीपलीकडे. डीएलआर नदीखालून जाते, म्हणजे सोमसूत्र ओलांडलं की नाही हा नवा वाद.

हे सगळं फोनवर ऐकल्यावर आत्या म्हणाली, ‘मग उलट फिरा की आता.’ काहीजण फिरतातही, पर्फ्लीटहून इरिथकडे, शहर डाव्या हाताला ठेवून. त्यात अडचण एकच. माहितीपत्रकातली वर्णनं एकाच दिशेने लिहिलेली आहेत. प्रत्येक परिच्छेद शेवटून वाचावा लागतो, डावीकडे वळा म्हटलं की उजवीकडे वळायचं, आणि ‘मोठ्या ओक वृक्षापासून पायवाट धरा’ असं असेल तर त्या ओकपर्यंत पोचायचं कसं ते कुठेच लिहिलेलं नसतं.